चाचांच्या घोडीला गाणं आवडलं नाही

मी बॅगपाइप वाजवते असं सांगितलं की आमच्या शहरात पहिला प्रश्न येतो, "म्हणजे दारूचं काही?" दुसरा येतो, "तो झगा घालून?" तो झगा नाही, स्कॉटिश लोकांचा चुणीदार किल्ट आहे, आणि हो, घालते. लहान मुलांची पुस्तकं लिहिते असं सांगितलं तर मात्र कुणी काहीच विचारत नाही. "छान, छान" म्हणतात आणि आपापल्या फोनमध्ये बघायला लागतात. म्हणून नवीन ओळखीत मी आधी पुस्तकांचं सांगते. माणूस फारच शिष्ट निघाला तर मग पाइप काढते.

पाइप घरात आला तो पप्पांमुळं. ते पलटणीच्या पाइप बँडात होते. हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि मुकुंदवाडीला घर बांधलं, तेव्हा सोबत एक ट्रंक, एक पाइप आणि पहाटे उठून सगळ्यांना उठवायची सवय घेऊन आले. आधी त्यांनी माझ्या भावाला शिकवायला घेतलं, पण फुंकताना त्याला चक्कर यायची. मला येत नव्हती. एवढ्याच गुणवत्तेवर माझी निवड झाली. पुढं पप्पांनी पलटणीतले दोन-तीन जुने साथीदार आणि गल्लीतले काही होतकरू जमवून स्वतःचा बँड काढला. त्यात मी एकटीच बाई, आणि किल्ट नीट घालणारीही मी एकटीच. बाकीचे गडी खाली पँट गुडघ्यापर्यंत दुमडून घालतात आणि ऐन रंगात आल्यावर कुणाचा तरी एक पाय उलगडतो.

आमच्या बँडवर शहराची दोन्ही नावं आहेत. मोठ्या ढोलावर जुनं, गाडीच्या बॅनरवर नवं. व्हिजिटिंग कार्डावर नुसतं 'मुकुंदवाडी' आहे, कारण पप्पा म्हणतात, "मुकुंदवाडीचं नाव कुणी बदलत नाय. कार्डं वाया जायची नायत." जयंतीच्या मिरवणुकीत आम्ही आमच्या मनानं वाजवतो, लग्नात लोकांच्या मनानं. पाइपवर सूर नऊच. गाणं कुठलंही असो, त्या नऊ सुरांत कोंबायचं. जे बसत नाही ते ढोलवाला सांभाळतो. एकदा फर्दापूरच्या एका हॉटेलानं लेणी बघायला आलेल्या परदेशी पाहुण्यांच्या स्वागताला आम्हाला बोलावलं. त्यात एक म्हातारे गृहस्थ खुद्द स्कॉटलंडचे निघाले. आम्ही लग्नातलं एक झणझणीत गाणं सुरू केलं आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पप्पांच्या मते आनंदानं. मी त्यांचं तोंड जवळून बघितलं होतं, त्यामुळं मी काही बोलत नाही.

पुस्तकांचं खूळ पाइपमुळंच लागलं. पाइप वाजवताना तोंड अडकलेलं असतं, हात अडकलेले असतात, डोळे मात्र रिकामे. मामांचं पुढं पुढं करणं, करवलीची उसनी चप्पल, रुसून गाडीत बसलेल्या काकू, सगळं दिसतं आणि कुणाला म्हणून सांगता येत नाही. घरी आल्यावर नवऱ्याला सांगावं तर तो झोपलेला. मग मी लिहायला लागले. पहिली गोष्ट भर मिरवणुकीत ढोलाला ढेकर येतो, त्याची होती. पुण्याच्या एका प्रकाशनानं ती घेतली, त्यावर चित्रं काढून घेतली आणि मी लेखिका झाले. तेव्हापासून चातुर्मासात मी लेखिका असते आणि तुळशीचं लग्न लागलं की पाइपर. नवरा म्हणतो, "चातुर्मासात तरी घरात शांतता असते." म्हणजे लेखिका म्हणून घरात मला मान आहे.

हे वेळापत्रक मोडणाऱ्या व्यक्ती म्हणजे माझ्या संपादकबाई. बाई अत्यंत प्रेमळ, पण फोन नेमका लग्नसराईत करणार. एकदा बीड बायपासच्या एका लॉनबाहेर मी पाइप जुळवत होते आणि फोन वाजला.

"मागं कुणाचं बाळ रडतंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही, ड्रोन लावतेय."

"अरे वा, शूटिंग का?"

पाइपच्या ज्या तीन नळ्या खांद्यावर येतात त्यांना ड्रोन म्हणतात, त्यांचा सूर सारखा घुमत राहतो, हे मी समजावून सांगेपर्यंत वर खरोखरच फोटोवाल्याचा ड्रोन येऊन भुणभुणायला लागला. बाईंना काय समजायचं ते समजलं. मग त्या त्यांच्या आवडत्या विषयावर आल्या.

"गोष्ट गोड आहे हो. पण मुलांनी यातून काय घ्यायचं?"

"काही नाही. वाचायची आणि ठेवून द्यायची."

"असं कसं? पालक विचारतात. बोध पाहिजे."

तेवढ्यात पप्पांनी हात वर केला, म्हणजे पिशवी फुगवायची वेळ झाली. मी "बघते" म्हणाले आणि नळी तोंडात धरली. लग्नातली गडबड पुढं करून मी असे कितीतरी बोध टाळलेत. पण एका पुस्तकात मात्र मी सापडले.

ते लग्न बजाजनगरचं होतं. मुलगा तिथल्याच एका कंपनीत कामाला. घरापासून मंगल कार्यालयापर्यंत त्याचा परण्या निघाला, म्हणजे नवरदेवाची लग्नाआधीची मिरवणूक. पुढं आमचा बँड, मध्ये नाचणारे मित्र, मागं पांढऱ्या घोडीवर नवरदेव. घोडी चाचांची. हे चाचा लग्नाला घोड्या देतात, आमच्या सोबत त्यांनी कितीतरी लग्नं केलीत. दाढी मेंदीनं लाल, बोलणं अर्धं मराठी अर्धं दख्खनी, आणि घोडीशी मात्र अतिशय हळू आवाजात कानाशी काहीतरी बोलतात. काय बोलतात ते कधी कळलं नाही.

चौकात मिरवणूक अडली. मित्र पुढं सरकेनात. त्या वर्षी जे गाणं सगळीकडं चाललं होतं तेच त्यांना हवं होतं. आम्ही वाजवलं. "एकदा अजून!" झालं. वाजवलं. पुन्हा "एकदा अजून!" एक मामा येऊन पप्पांच्या खिशाला नोट टाचून गेले, त्यामुळं पप्पांचाही उत्साह वाढला. तेच गाणं कितव्यांदा चाललं होतं हे मलाही कळेनासं झालं होतं. बोटं आपली आपण फिरत होती आणि मी एका गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांकडं बघत होते.

पाइप वाजत असताना मला पाइपशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही. त्यामुळं मागं काय झालं ते मला लोकांच्या तोंडावरून कळलं. नाचणारे थांबले. सगळ्यांनी माना वळवल्या. मी वळून पाहिलं तर घोडी जागेवर नव्हती. गल्लीच्या टोकाला नवरदेवाचा फेटा तेवढा वरखाली होत चालला होता, मागं चाचा, एका हातात चप्पल.

बँड थांबला. पप्पा गरजले, "थांबला कोण? नवरदेव जिकडं, बँड तिकडं! वाजवा!"

पलटणीत हा हुकूम कसा पाळत असतील देव जाणे. आम्ही किल्ट सावरत पळत पळत वाजवायला लागलो. पळताना पाइप वाजत नाही, कण्हतो. रस्त्यावरची कुत्री आमच्या सोबत निघाली, मग पोरं निघाली, मग वऱ्हाड. दोन वळणं घेऊन आम्ही थेट औद्योगिक वसाहतीच्या रस्त्याला लागलो आणि एका कंपनीच्या गेटसमोर घोडी सापडली. गेटजवळ एक भाजीची हातगाडी होती आणि घोडी शांतपणे कोथिंबीर खात होती. वर नवरदेव, बाशिंग कानावर आलेलं. समोर कंपनीचे वॉचमन काका, कमरेवर हात ठेवून.

"तू सुट्टी टाकली होतीस ना?" काका विचारत होते.

"टाकली हो काका. हिनं आणलं."

ती त्याचीच कंपनी होती. शिफ्ट सुटत होती, दुसरी भरत होती. ज्यांना रजा मिळाली नव्हती असे त्याचे सगळे सोबती गेटवर उभे होते, आणि नवरदेव आपण होऊन आला म्हटल्यावर त्यांना काय आनंद झाला! डबे खाली ठेवून ते नाचायलाच लागले. एक साहेब काचेच्या केबिनमधून बाहेर आले, रागवायचं की हसायचं हे त्यांचं ठरेना, शेवटी त्यांनी वर बघत नवरदेवाशी हात मिळवला. तेवढ्यात नवरदेवाचा फोन वाजला. कार्यालयात वाट बघून थकलेल्या नवरीचा होता. त्यानं चुकून स्पीकरवर टाकला.

"कुठं आहात?"

"कंपनीत," तो बिचारा म्हणाला.

पलीकडून आलं, "आजसुद्धा?"

लग्न लागलं. उशिरा, पण लागलं.

हे असं तयार ताट समोर आलेलं असताना मी लिहिणार नाही तर काय करणार? पावसाळ्यात बसून मी गोष्ट लिहिली. संपादकबाई फोनवर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग म्हणाल्या, "आता बोध." या वेळी माझ्याकडं लग्नाचा बहाणा नव्हता. शिवाय बोध खरंच समोर पडला होता. घोडी पाइपच्या आवाजाला घाबरून उधळली, वॉचमन काकांनी तिला प्रेमानं थोपटलं, मोठा आवाज म्हणजे वाईटच असं नसतं हे तिला कळलं, आणि ती धीट झाली. बाई म्हणाल्या, "बघा, किती सहज निघाला." मलाही स्वतःचं कौतुक वाटलं. मी घोडीच्या कपाळावरचा पोळीएवढा तपकिरी डागसुद्धा गोष्टीत जसाच्या तसा ठेवला.

पुस्तक आलं. पप्पांना माझ्या लिहिण्याचा भयंकर अभिमान आहे आणि तो त्यांना लग्नातच दाखवायचा असतो. बँडच्या ट्रंकेत पाइपच्या सुट्या रीडशेजारी, म्हणजे नळीतल्या वाजणाऱ्या पात्यांशेजारी, ते माझी पुस्तकं ठेवतात आणि अक्षता पडल्या की स्टेजवर जाऊन नवरानवरीला आहेर म्हणून देतात. नवरी बघते, वर घोडीचं चित्र, 'वय वर्षे सहा ते दहा'. पप्पा तिला धीर देतात, "घ्या, घ्या. लागंलच पुढं." मी त्या वेळी ड्रोन पुसत खाली बघत असते.

मग एका रविवारी सकाळी दारात चाचा उभे. सोबत त्यांची नात, चौथीत शिकणारी, दोन घट्ट वेण्या, छातीशी माझं पुस्तक धरलेलं. वर शाळेच्या ग्रंथालयाचा शिक्का. मला वाटलं, सही घ्यायला आली. मी पेनसुद्धा शोधायला लागले.

"हे तुम्ही लिहिलं?" तिनं विचारलं.

"हो तर."

"तुम्ही बघितलं होतं का?"

"काय?"

"आमची घोडी पळाली ते."

"मी पुढं होते ना. वाजवत होते."

"म्हणजे नाही बघितलं."

मी पेन खाली ठेवलं. चाचा अवघडून म्हणाले, "बेटी, बुरा मत मानना. तो डाग बघून शाळेत पोरी हिला चिडवायल्या. भित्री घोडी, भित्री घोडी. कालपासून माझं डोकं खाल्लंय, चला म्हणते त्या बाईकडं."

"ती भित्री नाहीये," नात म्हणाली. "ती फटाक्याला भीत नाही. डीजेला भीत नाही. ट्रकचा हॉर्न कानात वाजला तरी हलत नाही. तुम्ही लिहिलंय ती बाजाला घाबरून उधळली. ती उधळली नाही. निघाली."

"का निघाली मग?"

"कंटाळली."

आतल्या खोलीत पप्पा दाढी करत होते. अर्ध्या गालाला फेस तसाच घेऊन ते बाहेर आले.

"कंटाळली? कशाला कंटाळली?"

"गाण्याला," नात म्हणाली.

पप्पांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी यापूर्वी फक्त एकदा पाहिलं होतं, कुणीतरी त्यांच्या पाइपला पिपाणी म्हटलं होतं तेव्हा. त्यांनी चाचांकडं पाहिलं. चाचांनी छताकडं पाहिलं.

"चाचा, व्हय का?"

"हवालदार साब," चाचा सावकाश बोलले, "अब क्या बोलूँ. एकच गाणं, एकच गाणं. मी पण कंटाळलो होतो. पण मी माणूस आहे, मेरेकू उभं राहावं लागतं."

मला हसू आवरेना, म्हणून मी चहा ठेवायला आत गेले. बाहेर येते तर पप्पांनी सुनावणी ठरवून टाकलेली. पुढच्या रविवारी, स्टेशनच्या पलीकडच्या मोकळ्या मैदानात, घोडी हजर करायची. मी वाजवायचं. घोडी हलली तर पप्पा हरले, नाही हलली तर नातीनं पुस्तकाविषयी एक शब्द बोलायचा नाही.

"आणि लगाम सोडायचा," नातीनं अट घातली.

"सोडा!" पप्पा म्हणाले. "घोडीला संगीतातलं काय कळतंय!"

त्या मैदानात मी एरवी रियाझ करते, कारण गल्लीत केला तर गल्ली भांडायला येते. तिथं मला ऐकायला फक्त बाभळी आणि रुळांवरच्या गाड्या असतात. त्या रविवारी मात्र बरीच गर्दी झाली. बँडातले सगळे आले, चाचांचे दोन शेजारी आले, माझा नवरासुद्धा आला, जो माझ्या एकाही पुस्तकाच्या कार्यक्रमाला आलेला नाही. घोडी साजाशिवाय उभी होती, नुसता लगाम, तोही मानेवर टाकलेला. साजाशिवाय ती फार मोठी दिसत नव्हती. शेपटीनं माश्या उडवत होती आणि आमच्याकडं ढुंकून बघत नव्हती.

पप्पा म्हणाले, आधी पलटणीतली एक चाल वाजव. मी वाजवली. घोडीनं कान टवकारले आणि तशीच उभी राहिली. पप्पांनी नातीकडं विजयी नजर टाकली. मग ते गाणं. पहिल्यांदा वाजवलं, घोडी उभी. दुसऱ्यांदा वाजवलं, तिनं एक पाय बदलला. तिसऱ्यांदा सुरू केल्यावर तिनं मान खाली घालून गवताची चौकशी केली, तिथं काही नव्हतं. मग तिनं मोठा श्वास सोडला. घोडीचा निःश्वास इतका स्पष्ट असतो हे मला माहीत नव्हतं, पाइपच्या आवाजात तो ऐकू आला नाही, तरी मला तिच्या बरगड्या हललेल्या दिसल्या. तिसरं संपलं तसे पप्पा ओरडले, "घे अजून!" मी घेतलं. अर्ध्यावर आले आणि घोडी वळली. घाई नाही, भीती नाही. सभेतून एखादे वयस्कर गृहस्थ उपरणं सावरत उठतात तशी ती निघाली आणि घराच्या वाटेला लागली.

त्याच वेळी स्टेशनात पॅसेंजर थांबली होती आणि खिडक्यांतले लोक आमच्याकडं बघत होते. किल्ट घातलेली बाई, तिच्याकडं पाठ फिरवून चाललेली घोडी आणि हाताची घडी घालून उभी असलेली एक मुलगी. त्यांनी काय तर्क केला असेल?

"सूर उतरला होता," पप्पा म्हणाले. "परत घ्या."

चाचांनी घोडी परत आणली. मी रीड ओलं केलं, ड्रोन पुन्हा जुळवले, सूर अगदी काटेकोर लावला. या वेळी ती तिसऱ्यालाच गेली.

पप्पा आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत. जेवायला बसायचे, उठायचे. मग एका दुपारी त्यांच्या खोलीतून चँटरचा आवाज यायला लागला. चँटर म्हणजे पाइपची बोटं फिरवायची नळी. शिकायला पिशवीशिवाय एक लहान नळी असते तिलाही तेच म्हणतात. मला शिकवून झाल्यापासून त्यांनी ती हातात धरली नव्हती. मी डोकावून पाहिलं. फोनवर पलटणीतला जुना साथीदार होता, तो पलीकडून चाल गुणगुणत होता आणि पप्पा चष्मा कपाळावर ढकलून एकेक सूर लावून बघत होते. मला बघून म्हणाले, "माणसं नाचतात म्हणून आपण समजतो लई भारी वाजतंय. नाचणाऱ्याला काय, डबा वाजवला तरी चालतं." पुन्हा नळीत फुंकायला लागले. मी दार ओढून घेतलं. त्या दिवशी मला त्यांचं फार कौतुक वाटलं, पण ते बोलून दाखवायची आमच्या घरात पद्धत नाही.

इकडं मी संपादकबाईंना फोन केला. म्हटलं, गोष्ट नव्यानं लिहायची आहे. घोडी घाबरत नाही, कंटाळते.

"कंटाळते?" बाई म्हणाल्या. "आणि मग?"

"मग निघते."

"आणि बोध?"

"नाही."

"म्हणजे मुलांना आपण सांगायचं, कंटाळा आला की उठून जा? अहो, शाळावाले आपल्याला दारात उभं करणार नाहीत."

मी पुष्कळ बोलले. शेवटी त्या त्यांच्या गोड आवाजात "बघू या" म्हणाल्या, म्हणजे नाही. मी तो विषय सोडून दिला आणि लग्नसराईला लागले. नातीला सांगितलं, प्रयत्न केला गं. ती म्हणाली, "नीट नसेल केला."

बऱ्याच दिवसांनी, ऐन हळदीच्या कार्यक्रमात बाईंचा फोन आला. आवाज वेगळाच. त्या कुठल्याशा गावी बालसाहित्यावरच्या चर्चासत्राला गेल्या होत्या. व्यासपीठावर बसलेल्या. तिसरे वक्ते बोलायला उभे राहिले आणि पहिल्या दोघांनी सांगितलं तेच पुन्हा सांगायला लागले.

"मला एकदम तुमची घोडी आठवली," बाई म्हणाल्या. "आणि मी उठले."

"म्हणजे?"

"म्हणजे पर्स घेतली आणि निघाले. व्यासपीठावरून. आयुष्यात पहिल्यांदा. आता बसस्टँडवर भेळ खातेय." मग म्हणाल्या, "लिहा तुम्ही."

मी लिहिली. दर रविवारी नात यायची, मी कच्ची पानं तिच्यापुढं ठेवायची. संपादकबाईंना मी इतकी वर्षं उगीच कडक समजत होते. ही मुलगी पान वाचायची आणि दोनच शेरे द्यायची, "हे खोटंय" आणि "हे लांबलंय". कोथिंबिरीच्या प्रसंगाला मी एक सुंदर वर्णन घातलं होतं, पहाटेच्या दवाचं वगैरे. ती म्हणाली, "संध्याकाळ होती ना?" दव गेलं. नवरदेवाचं मनोगत मी एक पानभर लिहिलं होतं. ती म्हणाली, "गोष्ट घोडीची आहे." नवरदेव गेला. चाचा शेजारी बसून बशीतून चहा प्यायचे आणि मधूनच म्हणायचे, "मेरा भी कुछ रहने दो." त्यांची एका हातातली चप्पल तेवढी राहिली, कारण ती नातीला खरी वाटली.

पुस्तक छापून आलं तेव्हा पार्सल पप्पांनीच फोडलं. मुखपृष्ठ छान होतं. घोडी अगदी घोडीसारखी. आत पान उलटलं तर मिरवणुकीचं चित्र, सगळ्यांत पुढं पाइप वाजवणारा माणूस. जाडजूड, झुपकेदार मिशा, किल्टमधून पोट बाहेर.

मी तिथंच फोन लावला. "हे कोण आहे?"

"पाइपर," बाई म्हणाल्या.

"गोष्टीत पाइपर मी आहे."

"अहो, चित्रकाराला नुसतं 'पाइपर' असं कळवलं गेलं. तो म्हणाला, बाईमाणूस पाइप वाजवते हे त्याला सुचलंच नाही. पुढच्या आवृत्तीत नक्की."

मी फोन ठेवला तेव्हा पप्पा पुस्तक लांब धरून बघत होते. एकदा चष्मा घालून, एकदा काढून. पप्पांना मिशा आहेत. झुपकेदार आहेत.

"मला न विचारता माझं चित्र काढलं व्हय?" ते म्हणाले. खुशीनं त्यांचा आवाज चढला होता. "पोट जरा जास्त काढलंय."

"पप्पा, ती मी आहे."

"तुला कुठं मिशा?"

नवरा स्वयंपाकघरात हसत होता ते ऐकू येत होतं.

दुपारी चाचा आणि नात आले. तिनं दारातच उभ्यानं सगळं पुस्तक वाचलं, पान न् पान, चेहऱ्यावर काही नाही. मी उगीच पाण्याचा तांब्या इकडून तिकडं ठेवत होते. शेवटचं पान मिटून ती म्हणाली, "बरोबर आहे."

इतक्या वर्षांत कुणाच्या अभिप्रायानं मला एवढं हलकं वाटलं नव्हतं. मग ती मिरवणुकीच्या पानावर परत गेली.

"हा कोण?"

पप्पा खुर्चीत सावरून बसले. मी पप्पांकडं पाहिलं आणि गप्प राहिले. नातीनं माझ्याकडं पाहिलं, पप्पांकडं पाहिलं, चित्राकडं पाहिलं. तिला सगळं कळलं असावं, कारण ती पहिल्यांदाच हसली. म्हणाली, "पोट जास्त काढलंय."

"व्हय ना?" पप्पा म्हणाले.

खाली गल्लीत घोडी साज घालून उभी होती आणि शेजारची पोरं तिला पोळीचे तुकडे देत होती. संध्याकाळी गारखेड्याला लग्न होतं, घोडी चाचांची आणि बँड आमचा. चाचा घाई करायला लागले. मी आत जाऊन मोजे चढवले, किल्टच्या चुण्या बसवल्या. पप्पांनी ट्रंक उघडली, माझा पाइप ठेवला आणि त्यावर नव्या पुस्तकांचा गठ्ठा रचला. सगळ्यांत वरचं पुस्तक त्यांनी मिरवणुकीच्या पानावर उघडं ठेवलं आणि झाकण अलगद लावलं.